नातं काय लागतं? इरावती कर्वे यांचं आयुष्य आणि घराण्यातून येणारे आजार

बाळाला घेऊन तुम्ही तपासायला येता. उलट्या थांबत नाहीत, वजन वाढत नाही, पोट मात्र फुगलेलं. डॉक्टर पोट चाचपतात, सोनोग्राफी करायला सांगतात आणि मग विचारतात की तुम्हा नवरा-बायकोचं लग्नाआधी काही नातं होतं का. नांदेड-लातूर भागात या प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर मिळतं. नाही, नात्यातलं लग्न नाही, मामाचीच मुलगी केली आहे.

यात कुणी खोटं बोलत नसतं. मामाचं आडनाव वेगळं, कुळ वेगळं, देवक वेगळं. त्यामुळे मामाची मुलगी म्हणजे सोयरीक, भाऊबंदकी नव्हे, असंच आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डॉक्टरांच्या लेखी मात्र हे अगदी जवळच्या रक्ताचं लग्न असतं. प्रश्न एकच, पण डॉक्टर आणि घरचे दोन वेगळ्या अर्थांनी बोलत असतात.

नातं कशाला म्हणायचं आणि कुणी कुणाशी लग्न करायचं, हे आपल्याकडे कसं ठरतं याचा शोध एका मराठी बाईंनी आयुष्यभर घेतला. इरावती कर्वे त्यांचं नाव. युगान्त या पुस्तकामुळे तुम्ही त्यांना ओळखत असाल. त्या डॉक्टर नव्हत्या. तरी त्यांचं काम समजून घेतलं, तर दवाखान्यातल्या त्या प्रश्नाला नीट उत्तर देता येईल. कदाचित घरातलं पुढचं बाळही वाचेल.

नदीचं नाव मिळालेली मुलगी

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंजान या गावी झाला. वडील, करमरकर, तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत पाठवलं. तिथे रँग्लर परांजपे यांच्या मुलीशी, शकुंतलाशी, तिची मैत्री झाली आणि परांजप्यांच्या घरी ती दुसऱ्या मुलीसारखी वाढली.

फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली त्या तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. पुढे मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकून १९२८ साली एम.ए. केलं. लग्न झालं ते दिनकर कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव. महर्षींनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं होतं, तरी सुनेने शिकायला जर्मनीला जावं हे त्यांना पसंत नव्हतं. दिनकरराव ठाम राहिले. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि १९२८ च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

बर्लिनमध्ये त्या मानवी आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या एका मोठ्या संस्थेत दाखल झाल्या. तिचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. गोऱ्या युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ आणि त्याचा पुरावा कवटीच्या आकारातही सापडेल, अशा विचारांचं ते वातावरण होतं. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतला फरक निरनिराळ्या वंशांत वेगवेगळा असतो का, हे इरावतीबाईंना मोजायचं होतं. त्यांनी कवट्या एकेक करून मोजल्या. अपेक्षित फरक सापडला नाही, आणि त्यांनी तसंच लिहून दिलं. १९३० साली त्या डॉक्टरेट घेऊन परतल्या.

पुढे काही वर्षांतच जर्मनीत नाझी सत्ता आली. आनुवंशिकतेच्या नावाखाली माणसांना हीन ठरवून त्यांची जबरदस्तीने नसबंदी केली गेली, पुढे हत्याही झाल्या. फिशर त्या राजवटीच्या बाजूने उभे राहिले. हे इथे सांगण्याचं कारण आहे. घराण्यातून येणाऱ्या आजाराचा विषय निघाला की माणसाला आपल्या रक्तावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. ही भीती उगाच आलेली नाही. पण मोजमाप प्रामाणिक असेल, तर त्यातून कुणी हीन ठरत नाही. बर्लिनमध्ये एका परदेशी विद्यार्थिनीने हे करून दाखवलं.

गावोगावची नाती

परत आल्यावर १९३१ पासून काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठाच्या कारभाराचं काम केलं. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून सुरू झालं आणि त्या तिथे रुजू झाल्या. अखेरपर्यंत त्यांचं काम तिथेच चाललं. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज इथे उत्खनन केलं, तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे मिळाले. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्या होत्या. घरात तीन मुलं होती, त्यांपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे नामवंत लेखिका झाल्या.

पण त्यांचा खरा ध्यास होता माणसांची नाती. त्या गावोगाव फिरायच्या. माणसांची उंची, डोक्याचा आकार मोजायच्या आणि मग घरातल्यांशी बोलत बसायच्या. आजीचं माहेर कुठलं, सुनेला कुठून आणलं, नवऱ्याच्या बहिणीला काय म्हणतात, असं विचारत विचारत त्या घराण्याची वंशावळ उभी करायच्या.

या कामातून १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी देशाचे चार विभाग पाडले: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. उत्तरेत लग्न दूरच्या, रक्ताचं नातं नसलेल्या घरात करतात. दक्षिणेत उलट, जवळच्या नात्यातलं स्थळ पहिलं. काही समाजांत तर मामाने सख्ख्या भाचीशी लग्न करण्याचीही रीत. महाराष्ट्र मधल्या विभागात येतो. इथे दोन्हीकडच्या चाली भेटतात. मामाची मुलगी चालते, कित्येक घरांत तिचाच पहिला मान. आत्याची मुलगी करणं मात्र अनेक समाजांत बरं मानत नाहीत.

नांदेडची हद्द तेलंगणाला आणि कर्नाटकाला लागते, लातूरची कर्नाटकाला. इरावतीबाईंचं पुस्तक आलं तेव्हा हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत. मुस्लिम कुटुंबांत चुलत भावंडांतही लग्न होतं. म्हणजे नात्यातल्या लग्नाच्या जितक्या तऱ्हा त्यांनी नोंदल्या, त्यांपैकी बहुतेक तुमच्या तालुक्यात सापडतील.

भाषेतही याची खूण आहे. सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. ज्या मुलीचं लग्न आत्याच्या मुलाशी होतं, तिची आत्याच तिची सासू होते. नात्यांची अशी नावं जुन्या लग्नरीती सांगतात, हे इरावतीबाईंनी उलगडून दाखवलं.

त्यांनी या चालीला नावं ठेवली नाहीत. लोक असं का करतात ते समजून घेतलं. मुलगी ओळखीच्या घरात जाते, भाऊ-बहिणीचं नातं पुढच्या पिढीतही टिकतं, अडीअडचणीला माणसं धावून येतात. ही कारणं खरी आहेत आणि डॉक्टरांनीही ती लक्षात ठेवायला हवीत.

त्याच काळात, दुसरीकडे

पुस्तक आल्यावर तीनच वर्षांनी, १९५६ साली, इस्रायलमध्ये मोशे वोल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दगावलेल्या तान्ह्या बाळाविषयी लिहिलं. यकृत आणि प्लीहा फार वाढलेले, त्यांत चरबी साठलेली, आणि मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींत कॅल्शियम जमलेलं. १९६१ साली त्यांनी त्याच बाळाच्या आणखी दोन भावंडांची हकीकत मांडली. एकाच घरातली तीन बाळं. या आजाराला पुढे वोल्मन आजार असं नाव पडलं.

कारण सापडलं ते १९६९ साली. आपल्या प्रत्येक पेशीत लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्या असतात. रक्तातून आलेलं कोलेस्टेरॉल आणि चरबी तिथे फोडली जाते, मग पेशी ती वापरते. हे फोडण्याचं काम एक एन्झाइम, म्हणजे विकर, करतं. त्याचं नाव लायसोसोमल अ‍ॅसिड लायपेज. ब्रिटनमधल्या पॅट्रिक आणि लेक या संशोधकांनी दाखवलं की वोल्मन आजारात हेच विकर नसतं. कोलेस्टेरॉल आत येतं, पण फुटत नाही, आणि साठत जातं. भात शिजायला चुलीवर ठेवला पण चूलच पेटली नाही, तसं हे आहे. तांदूळ कितीही आला तरी उपाशीच.

विकर जवळजवळ पूर्ण नसेल तर त्रास पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो आणि उपचार झाला नाही तर बहुतेक बाळं वर्षाच्या आत दगावतात. थोडं विकर शिल्लक असेल तर आजार सौम्य असतो आणि उशिरा कळतो. अंगाने बारीक मूल, दारूचा प्रश्नच नाही, तरी लिव्हर वाढलेलं आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल जास्त. अशा मुलाला साधं फॅटी लिव्हर म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. पुढे लिव्हर आकसून कडक होऊ शकतं.

आजी-आजोबांपासून आलेली एक प्रत

प्रत्येक जनुकाच्या आपल्याजवळ दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. हे विकर तयार करणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागतं. असा माणूस वाहक असतो. तो आजारी नसतो आणि त्याला ते कळतही नाही. आई-वडील दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे आजार दोघांकडून मिळून येतो. फक्त सुनेकडून येत नाही. तिचा पायगुण वगैरे तर मुळीच नाही.

आता मामाच्या मुलीचा हिशेब करू. समजा, आजी वाहक आहे. तिच्याकडून ती प्रत तिच्या मुलाकडे आणि मुलीकडे जाण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. तिथून नातवाकडे आणि नातीकडे जाण्याची शक्यता प्रत्येकी चारात एक. नातू आणि नात दोघेही वाहक निघण्याची शक्यता सोळात एक. आणि त्या दोघांचं लग्न झालं, तर प्रत्येक बाळ आजारी असण्याची शक्यता चौसष्टात एक. अनोळखी घरातली मुलगी असती, तर तिच्याकडे नेमकी तीच दुर्मिळ प्रत असण्याची शक्यता फारच कमी राहिली असती. हा हिशेब करताना गोत्र, देवक, आडनाव कुठेही येत नाही. मामाची मुलगी असो, आत्याची असो की चुलत्याची, जनुकांच्या लेखी तिघी सारख्याच. मामा-भाचीचं लग्न याहूनही जवळचं.

घाबरून जाऊ नका. कोणत्याही जोडप्याला जन्मतः गंभीर दोष असलेलं मूल होण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. सख्ख्या चुलत, मामे, आते भावंडांच्या लग्नात त्यात आणखी साधारण २ ते ३ टक्क्यांची भर पडते. बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. मात्र घरात एखादं बाळ अशा आजाराने गेलं असेल, तर हे आकडे तुम्हाला लागू नाहीत. तुमचा धोका चारात एक आहे आणि त्यासाठी तपासणी हवीच.

जात म्हणजेही एक मोठं नातं

इरावतीबाईंचं आणखी एक काम आपल्या उपयोगाचं आहे. जात म्हणजे आपसात लग्न करणारा नात्यांचा एक विस्तारलेला गोतावळा, असं त्या मांडत. १९६८ साली कैलास मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातल्या सारख्याच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. बाहेरून एकच नाव असलेल्या समाजातले पोटगट पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहिले की शरीरानेही थोडे वेगळे होतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

याचा दवाखान्यात अर्थ असा: सख्खं नातं नसलं, तरी छोट्या गटात शेकडो वर्षं आपसात लग्नं होत राहिली, तर एखाद्या पूर्वजाकडची बिघडलेली प्रत अनेक घरांत पोचलेली असते. तेलंगण-आंध्रातल्या वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाला फोडणारं विकर काहींमध्ये जन्मतः नसतं. अशा माणसाला ते औषध दिल्यावर स्नायू बराच वेळ सैल राहतात आणि श्वास यंत्रावर चालवावा लागतो. म्हणून ऑपरेशनच्या वेळी घरात कुणाला भुलेतून उशिरा जाग आली होती का, हे भूलतज्ज्ञाला जरूर सांगा. अशी माहिती कुठल्याही समाजाला कमीपणा आणत नाही. प्रत्येक समाजात काही ना काही आहेच.

अखेरची वर्षं

१९६७ साली युगान्त आलं. महाभारतातल्या माणसांकडे त्यांनी त्याच नजरेने पाहिलं, नाती आणि त्यांची किंमत मोजत. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९६९ साली त्यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. घरं हलली की नात्यांचं काय होतं, हाच प्रश्न तिथेही होता. त्याच वर्षी तिकडे वोल्मन आजारातलं हरवलेलं विकर सापडलं. ११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ६४.

त्यांच्या हयातीत या आजाराला औषध नव्हतं. २०१५ साली सेबेलिपेज अल्फा नावाचं औषध युरोप-अमेरिकेत मंजूर झालं. नसलेलं विकर ते शिरेतून भरून काढतं. ते फार महाग आहे आणि कायम घ्यावं लागतं. दुर्मिळ आजारांसाठीच्या आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाच्या यादीत वोल्मन आजाराचं नाव आहे. मुंबईचं के.ई.एम. रुग्णालय या धोरणातलं एक केंद्र आहे. नांदेड-लातूरकरांना हैदराबादही सोयीचं पडतं, तिथल्या निझाम्स इन्स्टिट्यूटचा या केंद्रांत समावेश आहे. सुरुवात मात्र तुमच्या बालरोगतज्ज्ञापासूनच करा.

तुम्ही काय करायचं

१. तपासायला येण्याआधी घरातल्या मोठ्या बाईंजवळ बसा आणि तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढा. कोण कुणाचं, कुणाचं लग्न कुणाशी, कुठलं बाळ किती दिवसांचं होऊन गेलं, त्याचं पोट फुगलं होतं का, गर्भपात किती झाले, सगळं लिहा. दगावलेल्या बाळांना वगळू नका, सगळ्यांत मोठा धागा तिथेच असतो.

२. नातं विचारलं की मामा, आत्या, चुलता, जे असेल ते स्पष्ट सांगा. सोयरीक म्हणून सोडून देऊ नका.

३. बाळ अत्यवस्थ असेल, तर त्याच्या रक्ताचा नमुना विकराच्या आणि जनुकीय तपासणीसाठी घेऊन ठेवायला सांगा. विकराची तपासणी कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरही होते. बाळ गेल्यावर ही संधी राहत नाही, आणि नेमका दोष माहीत नसेल तर पुढच्या बाळाची तपासणी अवघड होते.

४. दोष सापडला असेल, तर पुढच्या गरोदरपणात लवकर या. साधारण ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान वारेचा नमुना घेऊन बाळाला आजार आहे का ते कळू शकतं.

५. घरात असं बाळ होऊन गेलं असेल आणि आता मामा-आत्याकडे नवी सोयरीक जुळवायचं चाललं असेल, तर सुपारी फुटण्याआधी मुलगा-मुलगी दोघांची वाहक तपासणी करून घ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जिथे रूढी आहे तिथे अशा लग्नाला मोकळीक ठेवली आहे. म्हणजे कायदा थांबवणार नाही, विचार घरातच करावा लागेल.

दवाखान्यात नातं विचारलं की लाजू नका, रागावूही नका. तो तुमच्यावरचा आरोप नाही. इरावतीबाई हाच प्रश्न घेऊन लोकांच्या ओसरीवर बसल्या आणि लोकांनी त्यांना मोकळेपणाने सांगितलं. तसंच मोकळेपणाने तुमच्या डॉक्टरांना सांगा.